इतिहासाचे दोन तास

शाळेत शिकवणाऱ्या बाईच्या बॅगेत डबा असतो, पाण्याची बाटली असते, तपासायच्या वह्या असतात आणि किस्से असतात. डबा दुपारी रिकामा होतो. वह्या रविवारी संपतात. किस्से मात्र तळाशी साचत जातात, आणि कोणाच्या लग्नात जुन्या मैत्रिणी भेटल्या की बॅग आपोआप उलटी होते. मागच्या महिन्यात माझ्या बी.एड.च्या मैत्रिणींसमोर ती अशीच उलटी झाली. पोट धरून हसून झाल्यावर एकीनं विचारलं, "काय गं, तुझे सगळे किस्से भांडणाचेच कसे?"

खरं आहे. कारण यंदाचं निम्मं वर्ष मी एकच भांडण भांडत होते.

मी हिंगणघाटची. रोज स्कूटीवर वडनेरच्या पुढं जाते, हायवे सोडून आत, तिथल्या एका गावच्या हायस्कूलात. तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते. म्हणजे वेळापत्रकात तास असेल तर मी असते, तास गेला की मीही गेले.

*

सुरुवात झाली जूनमधल्या पहिल्या स्टाफ मीटिंगला. आमचे मुख्याध्यापक भोयर सर. याच गावचे, याच शाळेत शिकलेले, शिस्तीचे. माणूस वाईट नाही, पण शाळेतल्या प्रत्येक गोष्टीकडं ते दहावीच्या निकालाच्या खिडकीतून पाहतात. झाडाखाली पोरं डबा खात असली तरी यांना वाटतं, एवढ्या वेळात दोन गणितं झाली असती!

त्यांनी नवीन वेळापत्रक टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "नववीचे इतिहासाचे बुधवार आणि शनिवारचे तास यंदा गणिताला जातील."

मी विचारलं, "काऊन, सर?" (काऊन म्हणजे का.)

"इतिहास पोट्टे घरी वाचून घेतात. गणित घरी वाचता येते काय?"

"घरीच वाचायचं असेल तर शाळा कशाला? पुस्तकं पोस्टानं पाठवून द्या!"

गणिताच्या काकडे सरांचा हात बिस्किटाच्या पुड्यावर होता, तो तिथंच थांबला. भोयर सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ठीक आहे. मंग तुम्ही सांगा, माध्यमिक शाळेतल्या पोराइले इतिहास शिकवायचा कशासाठी? तोंडानं नका सांगू. वर्गात दिसलं पाहिजे. दिवाळीच्या आधी मी तुमचा एक पाठ पाहीन. दिसलं तर तास तुमचे. नाई दिसलं तर दिवाळीनंतर गणित."

"आणि मी?"

"तास नसला तर तासिका कुठून राहीन, मॅडम?"

मीटिंग संपली. आमच्याकडं दहावीला इतिहास शिकवतात ते ढगे सर. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. आपल्याच विषयाचे तास कापले जात असताना हा माणूस खिडकीतून बाहेरची बाभूळ बघत होता! मी त्यांना व्हरांड्यात गाठलं.

"सर, तुम्ही एक शब्द बोलला नाहीत!"

"पोरी," ते शांतपणे म्हणाले, "मी पुष्कळ वर्षं बोललो. आता तू बोल. मी ऐकत जाईन."

माझं डोकं इतकं गरम झालं की स्कूटीची किक दोनदा हुकली.

*

तरीही दुसऱ्या दिवशी मी ढगे सरांकडंच गेले. दुसरं कोण होतं? म्हटलं, "सर, इतिहास शिकवण्याची उद्दिष्टे तुम्ही इतकी वर्षं लिहीत आलात. तुमची टाचण वही द्या."

टाचण वही म्हणजे शिक्षकानं उद्या काय शिकवणार हे आज लिहून ठेवायची वही. तिच्यात उद्दिष्टांचा एक रकाना असतो, साहित्याचा एक असतो, आणि आठवड्याला मुख्याध्यापक 'तपासले' म्हणून हिरव्या शाईत सही करतात.

ढगे सरांचं अक्षर सुंदर. पहिला पाठ: उद्दिष्टे, विद्यार्थ्यांमध्ये राष्ट्रप्रेम जागवणे. दुसरा पाठ: राष्ट्रप्रेम जागवणे. औद्योगिक क्रांती: राष्ट्रप्रेम जागवणे! वाफेच्या इंजिनानं कोणत्या राष्ट्राचं प्रेम जागतं, हे विचारणार एवढ्यात माझी नजर शेजारच्या रकान्यावर गेली.

साहित्य: नकाशा, तक्ता, सांभार एक जुडी.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडं कोथिंबिरीला सांभार म्हणतात.

मी मागच्या वर्षाची वही काढली. नकाशा, तक्ता, सांभार एक जुडी. त्याच्या मागच्या वर्षाची काढली. तिथंही सांभार. प्रत्येक पानावर हिरव्या शाईत 'तपासले'!

"सर, औद्योगिक क्रांतीला सांभार कशाला लागतो?"

सरांनी वही डोळ्यांजवळ नेली. बराच वेळ पाहिली. मग त्यांना आठवलं. ते नोकरीला लागले तेव्हा त्यांनी आधीच्या सरांच्या वहीवरून उतरवून घेतलं होतं. आधीच्या सरांनी बाजारातून काय आणायचं ते समासात लिहून ठेवलं असणार. ते समासातून रकान्यात आलं आणि दरवर्षी नव्या वहीत उतरत गेलं.

मी हसून हसून टेबलावर डोकं ठेवलं. लाल पेन काढलं आणि खोडायला गेले, तर ढगे सरांनी वही ओढून घेतली.

"राहू दे."

"का, सर?"

"इतक्या वर्षांत कोणी विचारलं नाही. तू पहिली. तुझ्यानंतर जी कोणी येईल, तिलेही काहीतरी सापडलं पाहिजे न!"

*

नववीत पहिल्याच आठवड्यात मला सुजल भेटला. सुजलच्या घरी वांगी, टमाटर, पालक. त्याचे वडील रोज सकाळी हिंगणघाटच्या बाजारात माल नेतात. पोरगं हुशार आहे, फक्त तोंड जरा जास्तच चालतं. (माझी आई माझ्याबद्दल हेच म्हणते, म्हणून मला तो लगेच आवडला.)

तो उभा राहून म्हणाला, "मॅडम, जे लोक मेले, त्याइचं आपण काऊन पाठ करायचं?"

वर्ग हसला. मी तयारच होते! बी.एड.मध्ये शिकवलेलं सगळं बाहेर काढलं. भूतकाळ समजला की वर्तमान कळतो, भविष्य घडवता येतं, वारसा, मूल्ये, नागरिकत्व. पाच मिनिटं न थांबता बोलले. स्वतःवरच खूश झाले.

सुजलनं मन लावून ऐकलं. मान हलवली.

"हाव मॅडम. पण काऊन?"

मी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहिलं, 'काऊन?' आणि वर्गाला सांगितलं, उत्तर सापडेपर्यंत हे कोणी पुसायचं नाही. पोरं अशी आज्ञा फार प्रामाणिकपणे पाळतात. पुढचा तास काकडे सरांचा. त्यांनी डस्टर उचललं तर अख्खा वर्ग ओरडला, "सर, ते नाई!"

तेव्हापासून महिनाभर नववीच्या फळ्यावर समीकरणं सुटत होती आणि प्रत्येक समीकरणाच्या डोक्यावर 'काऊन?' लिहिलेलं होतं. एक दिवस काकडे सर स्टाफरूममध्ये येऊन धपकन बसले.

"मॅडम, तुमचा तो शब्द पुसा बाप्पा. आज वर्गमूळ शिकवता शिकवता मलेही वाटलं, काऊन?"

*

मग मी गृहपाठ दिला. घरातल्या दोन मोठ्या माणसांना एकच प्रश्न विचारा, गावात वीज कधी आली? दोघांचं उत्तर वेगवेगळं लिहून आणा.

सोपा गृहपाठ. यात काय भांडण होणार, असं मला वाटलं होतं!

तिसऱ्या दिवशी सुजलचे वडील शाळेच्या फाटकात उभे. सकाळचा बाजार करून आले होते, गाडीवर रिकामे कॅरेट.

"मॅडम, तुम्ही काय शिकवून राह्यल्या पोट्ट्याइले?"

"काय झालं, भाऊ?"

"आमच्या घरी माय आणि बुवा दोन दिवसांपासून बोलून नाई राह्यले!"

झालं असं की बुवांनी, म्हणजे सुजलच्या आजोबांनी सांगितलं, पांढऱ्या खांद्याचा बैल घेतला त्या वर्षी वीज आली. आजी म्हणाली, छट्, मी लग्न होऊन आली तेव्हा दिवा होता. आजोबा म्हणाले, तो कंदील होता. आजी म्हणाली, कंदील कोणता आणि बल्ब कोणता हे मले समजत नाई काय? आणि तिथून गोष्ट कंदिलावरून आजीच्या माहेरावर गेली.

मी वर्गात सुजलला विचारलं, "आता खरं कोणाचं, कसं ठरवायचं?"

तो विचार करून म्हणाला, "मीटर बसवताना कागद भेटला असन न, मॅडम."

पोरगं घरी गेलं, लोखंडी पेटी उपसली आणि पेटीच्या तळाशी, सातबाऱ्याच्या घडीत, त्याला खरंच वीजजोडणीचा कागद सापडला! तारीख पाहिली तर आजोबाही चुकलेले आणि आजीही चुकलेली. वीज आली ती दोघांनी सांगितलेल्या वर्षांच्या बरोबर मध्ये.

"मग? भांडण मिटलं?" मी उत्साहानं विचारलं.

"मिटलं, मॅडम. दोघं एक झाले," सुजल म्हणाला. "आता माझ्याशी कोणी बोलत नाई."

*

सप्टेंबरात सहल. आमच्या शाळेची सहल म्हणजे सेवाग्राम. नववीतल्या पोरांनी पाचवीत सेवाग्राम पाहिलं, सहावीत पाहिलं, सातवीत पाहिलं, आणि आठवीत बस बिघडली म्हणून दुरुस्त होईपर्यंत दोनदा पाहिलं. कोणती खोली कोणाची, हे ती झोपेत सांगतात. मी सहज विचारलं, "यंदा कुठं जायचं?" तर एका सुरात उत्तर आलं, "सेवाग्राम सोडून कुठंही!"

मी गिरड ठरवलं. टेकडीवर दर्गा आहे, हिंदू मुसलमान सगळेच जातात, आमच्या घरचे नवससुद्धा तिथले. टेकडीवर गोल गोल दगड सापडतात. लोक सांगतात की एका व्यापाऱ्यानं दर्ग्यातल्या बाबांशी खोटं बोलल्यामुळं त्याच्या मालाचे दगड झाले.

ही गोष्ट पोरांना सांगितली ती पायथ्याशी नारळ विकणाऱ्या एका म्हाताऱ्या चाचांनी. पांढरी दाढी, गळ्यात रुमाल, हिंदी मराठी मिसळलेली बोली. पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. मला राहवलं नाही.

"चाचा, दगड असे निसर्गातच तयार होतात. तुमच्या गोष्टीला पुरावा काय?"

"बेटा, पुरावा तुझ्या हातात हाय न. दगड."

"पण तो माल होता याचा पुरावा?"

"मंग नव्हता याचा?"

आमची चांगली जुंपली. मी एवढ्या जोरात बोलत होते की दोन-चार भाविक थांबून बघायला लागले. तेवढ्यात माझ्या मागून एक बारीक आवाज आला. वैष्णवी. नववीतली सर्वांत कमी बोलणारी पोरगी. हजेरीला 'हजर' म्हणते, तेवढाच तिचा आवाज वर्गाला माहीत.

"चाचा, तुम्हाले ही गोष्ट कोणी सांगितली?"

"आमच्या दादीनं."

"त्याइले?"

"त्याइच्या दादीनं."

वैष्णवीनं वहीत लिहून घेतलं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "मॅडम, दगडाचं मले काही माहीत नाई. पण इतक्या जुन्या गोष्टीत व्यापारी हाय, म्हणजे तेव्हा इथून व्यापाऱ्याइची वाट जात असन. आपल्या गावावरून गेली असन काय ती?"

दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये मला हे सुचलं नव्हतं.

चाचांनी तिला एक नारळ तसाच दिला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "ये तो मास्तरीण बनेगी." मग माझ्याकडं पाहून त्यांनी अगदी निरागसपणे विचारलं, "आन् आप कौन?"

*

घटक चाचणीत मी मुद्दाम प्रश्न घातला, 'इतिहासाच्या अभ्यासाचा उपयोग सांगा. गुण पाच.' मार्गदर्शकातलं उत्तर बऱ्याच जणांनी पाठ करून लिहिलं. सुजलनं एकच ओळ लिहिली.

'कोणीही काहीही सांगितलं तरी हे तुम्हाला कशावरून माहीत, असं विचारता येते.'

मी पाचपैकी पाच दिले. पेपर नमुना तपासणीला भोयर सरांकडं गेले. त्यांनी मला बोलावलं.

"मॅडम, हे उत्तर पुस्तकात नाही."

"म्हणूनच पाच दिले, सर. पुस्तकात असतं तर तीन दिले असते."

सरांनी लांब श्वास घेतला. आमच्या दोघांच्या संभाषणाचा शेवट बहुतेक वेळा असाच होतो.

पण त्या उत्तराचं फळ त्यांना पुढच्याच सोमवारी मिळालं! परिपाठ चालू होता. भोयर सर माईकवर म्हणाले, "विद्यार्थ्यांनो, आपली शाळा या भागातली सर्वांत जुनी शाळा आहे. याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे."

नववीच्या रांगेतून हात वर आला. कोणाचा, हे सांगायची गरज नाही.

"सर, हे कशावरून?"

पलीकडच्या शेतातला पंप ऐकू आला.

"सगळ्याइले माहीत हाय!" सर म्हणाले. माईकवर त्यांच्या तोंडून अशी घरची बोली पहिल्यांदाच आली.

"कोणाले, सर?"

परिपाठ संपल्यावर मला बोलावणं आलं. मी मनातल्या मनात बॅग भरली. सर टेबलावरच्या पेपरवेटशी खेळत होते.

"मॅडम, तुमचा पाठ मी या बुधवारी पाहणार. विषयही मीच देतो. आपली शाळा किती जुनी? त्या पोट्ट्याले पुरावा पाहिजे न? दाखवा त्याले पुरावा. माझ्यासमोर."

*

शाळेचा सर्वांत जुना पुरावा म्हणजे दाखल-खारीज रजिस्टर. कोणतं मूल कधी शाळेत आलं आणि कधी, कशामुळं गेलं, याची नोंद. ते ऑफिसातल्या लोखंडी कपाटात, आमच्या बाबूंच्या ताब्यात.

"नाई भेटणार," बाबू म्हणाले. मी अजून मागितलंही नव्हतं!

"बाबूजी, फक्त एक तास."

"हे कायमस्वरूपी दप्तर हाय. पोट्ट्याइच्या हाती? तेलाचे हात, चिवड्याचे हात! एक पान फाटलं तर जबाबदार कोण?"

"मी!"

"तुम्ही तासिकेवर. दिवाळीनंतर तुम्ही असाल काय, हेच माहीत नाई."

बोललेलं खरं होतं, म्हणून जास्त लागलं. मी उलट बोलायला तोंड उघडलं. तेव्हा मागून ढगे सर आले. त्यांनी टेबलावरचा एक कोरा कागद ओढला, त्यावर 'रजिस्टर मी स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहे' असं आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं, खाली सही केली आणि बाबूंसमोर सरकवला.

"ढगे सर, निवृत्तीच्या तोंडावर कशाला भानगडीत पडता?"

"अबे, मी ऐकतो म्हटलं होतं तिले," सर म्हणाले. "इतकं ऐकल्यावर एखादं काम तर कराच लागते!"

बुधवारी त्यांनी ते रजिस्टर धुतलेल्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून, दोन्ही हातांवर आडवं धरून वर्गात आणलं. वर्गाच्या दाराशी बादली ठेवली आणि एकेका पोराला हात धुवूनच आत सोडलं.

*

भोयर सर शेवटच्या बाकावर बसले. समोर लॉगबुक, हातात हिरवं पेन.

मी पोरांचे पाच गट केले. प्रत्येक गटाला रजिस्टरची काही पानं ठरवून दिली. एकानं पान उलटायचं, एकानं वाचायचं, बाकीच्यांनी लिहून घ्यायचं. पहिली नोंद कधीची, शिक्षक कोण, पोरं कोणत्या गावांहून येत. वर्गात कुजबुज, पानांचा आवाज. सुजलच्या गटाला त्याच्या आजोबांचं नाव सापडलं आणि 'वर्तणूक: खोडकर' असा शेरा सापडला, तेव्हा वर्ग दोन मिनिटं माझ्या हातातून गेला. मी मागं पाहिलं नाही.

मग वैष्णवीच्या गटाची पाळी आली. ती उभी राहिली. "मॅडम, शाळा किती जुनी ते आमच्या पानावर नाई. पण आम्ही शेवटचा रकाना पाह्यला. शाळा सोडल्याचं कारण."

"वाच."

"पोराइच्या नावापुढं लिहून हाय, बदली, पुढील शिक्षण, नापास. पोरीइच्या नावापुढं लग्न, घरकाम, लग्न, घरकाम." ती थांबली. "एकीच्या पुढंच वेगळं हाय. कौसल्या नारायण भोयर. इयत्ता सहावी. वार्षिक परीक्षेत पहिली. शाळा सोडल्याचं कारण, लहान भावास सांभाळणे."

वर्गात कोणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. गावात भोयर पुष्कळ. सुजल बसल्या जागेवरून म्हणाला, "मॅडम, मंग तो भाऊ शिकला काय?"

"शिकला," मागच्या बाकावरून आवाज आला.

सगळ्यांच्या माना वळल्या. भोयर सर पेनाचं टोपण लावत होते. ते लागत नव्हतं.

"एम.ए. झाला. बी.एड. झाला," सर म्हणाले. "हेडमास्तर झाला."

पण वैष्णवी अजून उभी होती. तिचं बोट अजून त्या ओळीवर होतं.

"आन् त्या, सर?"

घंटा झाली. सर उठले. रजिस्टरपाशी आले, वाकून ते पान पाहिलं आणि लॉगबुक काखेत मारून निघून गेले. लॉगबुकात त्यांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं.

गुरुवारी सर शाळेत आले नाहीत, शुक्रवारीही नाहीत. दिवाळीच्या सुट्या लागायला एक शनिवार राहिला होता. माझ्या तासांचं काय, हे विचारायचं कोणाला? ढगे सर म्हणाले, "उद्या येजो. तास हाय की नाई ते वर्गाच्या दारात कळीन."

शनिवारी सकाळची शाळा. मी नववीच्या दारात पोचले तर काकडे सरही तिथंच उभे, हातात लाकडी कंपास. बिचारे ओशाळून म्हणाले, "मॅडम, मले कोणी काही सांगितलंच नाई." आम्ही दोघं दाराच्या दोन बाजूंना उभे आणि वर्ग आमच्याकडं बघतोय.

फाटकातून भोयर सरांची मोटारसायकल आली. मागं एक म्हातारी बाई बसली होती. सत्तरीकडं झुकलेली, अंगानं काटक, मोतिया रंगाची इस्त्रीची साडी, मांडीवर कापडी पिशवी. सरांनी गाडी थेट वर्गासमोर लावली. एरवी तिथं कोणी सायकल लावली तरी ते हवा सोडतात!

बाई सरांचा हात न धरता उतरल्या. त्यांनी आम्हा दोघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"या दोघाइतून शिकवते कोण?"

"ह्या मॅडम, अक्का," भोयर सर म्हणाले. "शनिवारी इतिहास असते."

काकडे सरांनी कंपास बगलेत धरला, माझ्याकडं बघून हसले आणि स्टाफरूमकडं चालायला लागले.

अक्का वर्गात शिरल्या. पोरं धडाधड उभी राहिली. पहिल्या बाकावर वैष्णवी बाजूला सरकली. अक्का तिच्या शेजारी बसल्या, पिशवीतून कोरी वही काढली, पेन काढलं, वहीचं पहिलं पान हातानं दोनदा सपाट केलं. मग मान वर केली. भोयर सर अजून दारातच उभे होते.

"तू काऊन उभा इथं?" अक्का म्हणाल्या. "जाय, बाहेर खेळ. मले शिकू दे."